रानडावाचं दुसरं कव्हर

ये बाई, अशी जवळ सरक. तू तिकडे सिरोंच्यात, मी इकडे पोंभुर्ण्याजवळ, मधात सारं जंगल. पण कागदावर तर जवळ बसता येते नं. बस. मले तुले थोडं रागवायचं आहे, अन् लांबून रागवायची मले सवय नाई.

तू पाठवलेलं पुस्तक काल भेटलं. अंगणात खाट टाकली, चष्मा लावला अन् एका बैठकीत पाहून टाकलं. आमच्या खेळातलं तुले जे पाहिजे ते तू घेतलं, त्यात प्राणहितेचा डोह टाकला, डोहावरचा नावाडी टाकला, अर्धं तेलुगूत केलं. तेलुगू मले वाचता येत नाई, पण चित्रावरून समजलं की तो नावाडी काही बरा माणूस नाई. लय मस्त केलं. माझा ऊर भरून आला. कव्हर मी सगळ्यात आधी पाहिलं होतं, पण मुद्दाम शेवटी सांगून राह्यली. वर मोठ्या अक्षरात आमच्या खेळाचं नाव, रानडाव. अन् त्याच्या खाली, वेलबुट्टीत, 'पोंभुर्ण्याच्या आजींच्या आशीर्वादाने'.

काऊन गं असं केलं? आमच्या पुस्तकाचं मागचं पान वाचलंच नाई नं तू?

तुले वाटलं असेल, म्हातारीले बरं वाटेल. वाटलं. खोटं काऊन बोलू. पण अगदी हीच चूक मी तुझ्या आधी करून बसली आहे, अन् माझ्या त्या चुकीपायी एका पोरीचं घराबाहेर पडणं राहून जात होतं. ती पोरगी कोण, ते तुले माहीत आहे. मागच्या सालच्या मार्कंड्याच्या जत्रेत तिले खांद्याचा आधार देणारी तूच. पण त्याच्या आधी आमच्या घरात काय झालं ते तुले कोणी सांगितलं नाई. आता मी सांगते.

ती माझी भाची, धाकट्या बहिणीची पोरगी. बहीण गेली तेव्हा ती कॉलेजात होती. मंग नागपुरात कंप्युटरवरच्या कामाले लागली, आपल्या पायावर उभी राह्यली. अन् त्याच पायावर घात झाला. गाडीवरून पडली. डॉक्टरांनी पाय दोनदा उघडला, आत पट्टी बसवली. काम सुटलं. मी गेली अन् तिले घेऊन आली.

पहिल्या आठवड्यात गावातल्या बाया पाहायले आल्या. मनानं वाईट कोणी नव्हती, पण बोलण्याची रीत आपली अशी, की कसं झालं, कुठी झालं, आता लग्नाचं कसं. त्या गेल्या अन् पोरीनं आतली खोली धरली ते धरलीच. वॉकर घेऊन मोरीपर्यंत जायची अन् वापस. अंगणात येत नव्हती. आमचं अंगण म्हणजे दारापासून चार पावलं. ती चार पावलं एक वर्ष पडली नाई.

मी तिले कधी 'चल' म्हटलं नाई. म्हटलं असतं तर ती आणखी आत गेली असती. मी आपली तिच्या खोलीत जाऊन तांदूळ निवडत बसायची. एक दिवस तिच्या बॅगेतलं काही काढता काढता एक छोटी कापडी थैली हातात आली. आत मणी. पाहते तर मणी नाई, फासे. पण कसे, तर एकाले चार बाजू, एकाले आठ, अन् एकाले वीस. मी म्हटलं, हे कोणत्या देवाचे फासे? अन् ती हसली. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मंग तिनं सांगितलं. गोष्टीचा खेळ असते. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. समोर नदी आली, तर तू काय करशील? पोहून जाते म्हटलं, तर फासा टाक. मोठा आकडा पडला तर पार झाली, लहान पडला तर वाहत गेली. नागपुरात सुट्टीच्या दिवशी पोट्ट्या-पोट्टे जमून खेळायचे म्हणे.

दोघींत खेळ रंगत नाई, म्हणून समोरच्या मॅडमले बोलावलं. या मॅडम आमच्या शाळेवर शिकवायच्या, आता रिटायर झाल्या. मी चाळिशी ओलांडल्यावर मले वाचायले-लिहायले यांनीच शिकवलं, भर दुपारी, त्यांच्याच पडवीत. तुले हे जे अक्षर दिसून राह्यलं ते त्यांचं दान. त्या खेळात आल्या अन् गोष्टीतही हजेरी घ्यायले लागल्या. राक्षस समोर आला की त्याले आधी नाव-गाव विचारायच्या. मी मात्र चोर झाली. जन्मभर सरळ वागलेली बाई, गोष्टीत राजाच्या कोठारात शिरून तूर काढून आणायची. असं बरं वाटायचं की काय सांगू. भाची म्हणायची, मावशी, तिथी सोनंही आहे. मी म्हणायची, असू दे, तुरीचे भाव पाहिले काय तू?

खेळाचे नियम सारे इंग्रजीत. पोरगी वाचून तोंडानं सांगायची. एकदा मॅडम म्हणाल्या, हे मराठीत उतरवून काढ, आपल्या बचत गटातल्या बायाही खेळतील. मी म्हटलं, दुसऱ्याचं आहे नं, आपल्याले कोण उतरवू देते?

तेव्हा तिनं आम्हाले समजावलं. ते नियम ज्या परदेशी कंपनीचे आहेत त्यांनी त्यातला मोठा भाग जगासाठी मोकळा केला आहे. घ्या, बदला, आपल्या भाषेत करा, छापा, विकले तरी चालते. त्यांची अट एवढीच, की आत एक ओळ छापायची, की हे आम्ही कोणाच्या मजकुरातून घेतलं अन् त्यात बदल केला आहे. ती ओळही त्यांनीच लिहून दिली आहे, ती तशीच ठेवायची. पण नावं मोकळी नाई. खेळाचं नाव त्यांचं, चिन्ह त्यांचं, काही शहरं अन् काही राक्षस त्यांचे. ते मोकळ्या भागात आलेच नाई, तर आपण घ्यायचे नाई.

मले नवल वाटलं. एवढं सारं रांधलेलं अन्न पंगतीत वाढून टाकलं, अन् नावं तेवढी घरात ठेवली. पण त्याहून नवल याचं वाटलं, की सातासमुद्रापलीकडची कोण माणसं, आम्हाले ओळखत नाई पाळखत नाई, अन् त्यांच्या मेहनतीतून आमच्या पोरीचं हसू वापस आलं. तेव्हापासून मनात होतं, यांचे उपकार कसे फेडायचे. ते मनात होतं म्हणूनच पुढचं सारं घडलं.

पोरगी कामाले लागली. सकाळी चहा घेतला की कंप्युटर मांडीवर. एका राक्षसावर अडली. अंगभर डोळे असलेला होता, मले फार आवडायचा. ती म्हणे, हा त्यांचाच आहे, घेता येत नाई, अन् नुसतं दुसरं नाव देऊन तोच आणणं बरं नाई. गोष्टीत भोकं पडून राह्यली, मावशी, नावाशिवाय कसं करू?

मी हसली. म्हटलं, आम्हाले विचार. आमचा सारा जन्म नावं न घेता गेला. मोहफुलं वेचायले जंगलात गेलं की वाघाचं नाव घ्यायचं नाई, अन् घरी आलं की नवऱ्याचं. एकाचं घेतलं तर तो येते म्हणून, दुसऱ्याचं घेतलं तर तो चिडते म्हणून. काही अडलं काय आमचं? साऱ्या गप्पा त्या दोघांच्याच चालायच्या.

मॅडम एवढ्या हसल्या की ठसका लागला. अन् खरंच सांगते, तिथून पुस्तक आमचं झालं. त्या डोळेवाल्याच्या जागी आम्ही आपलं जनावर केलं. वाळक्या पानांत राहणारं, स्वतःले अंग नसलेलं. तुम्ही जेवढे भ्याले तेवढंच ते मोठं होते, अन् पाय न वाजवता गेले तर नुसती पानं राहतात. हे कोण्या पुस्तकात नव्हतं. हे आमच्या सासूबाईनं मले लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं, मी सरपणाले एकटी जाऊ नये म्हणून. भाचीनं त्याचं चित्र काढलं. पानांचा ढीग, बस. पण पाहणाऱ्याले वाटावं की आता हलेल.

खेळाले नाव दिलं रानडाव. अन् ते नाव ठरलं त्या दुपारी ती आपण होऊन बोलली. म्हणे, मावशी, हे छापून झालं नं, तर गटाचा गाळा मार्कंड्याच्या जत्रेत लागते, तिथी ठेवू. मी पण येईन. बसेन गाळ्यावर.

मी हातातला तांदूळ खाली ठेवला नाई. वर पाहिलं नाई. हो म्हटलं अन् खडे वेचत राह्यली. पण आतून माझं काय झालं असेल ते तूच समज.

पुस्तक छापायले चंद्रपूरले द्यायचं होतं. लग्नपत्रिका छापणारे एक भाऊ आहेत, त्यांनी हो म्हटलं होतं. मी पेनड्राइव्ह कनवटीले बांधून बसनं गेली. त्या भाऊंनी कव्हर पडद्यावर उघडलं. वर रानडाव, खाली पोरीचं पानांचं चित्र. बाकी कोरं. ते म्हणाले, आजी, कव्हर फार उघडं दिसून राह्यलं, वर काही टाकू काय? त्यांच्याकडे गणपती होता, कलश होता, तोरण होतं.

अन् माझ्या मनातलं ते वर आलं. आपल्या घरी कार्य असलं तर आधी कोणाचं नाव लिहितात? ज्याच्या कृपेनं होऊन राह्यलं त्याचं. मी म्हटलं, भाऊ, लिहा. अन् त्या परदेशी खेळाचं नाव, कंपनीचं नाव, दोन्ही सांगितलं, अन् पुढे 'यांच्या कृपाशीर्वादाने'. त्यांनी फोनवर शोधून त्या खेळाचं चिन्हही काढलं, पंखवाला साप असा, अन् गणपतीच्या जागी बसवून दिलं. सोनेरी रंगात. मी पाहिलं अन् हात जोडले. मले वाटलं, फिटले उपकार.

पोरीले सांगितलं नाई. म्हटलं, खोकं उघडेल तेव्हा पाहू दे.

जत्रेले आठ दिवस राह्यले असताना खोकी आली. मॅडमही आल्या होत्या. पोरीनं दोरी सोडली, वरचं पुस्तक घेतलं, अन् मी तिच्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. तिनं पुस्तक पालथं केलं. पुन्हा सुलटं केलं. मंग वॉकर धरून उठली, खिडकीजवळ गेली, उजेडात पाहिलं.

"मावशी, हे तू सांगितलं?"

मी म्हटलं, हो.

"मंग हे पुस्तक जत्रेत जाऊ शकत नाई."

रडली नाई, रागावली नाई. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पुस्तक खोक्यात वापस ठेवलं, दोरी पहिल्यासारखी बांधली, अन् म्हणाली, बरं झालं, एवढ्या गर्दीत तशीही कुठी जाणार होती मी. अन् आतल्या खोलीत गेली.

मले समजेच ना. मी मॅडमसोबत भांडली. म्हटलं, ज्यानं दिलं त्याचं नाव लिहिलं, यात काय चोरी? न लिहिणं ही चोरी. मी उठून पाण्याचा पितळी गुंड घेऊन आली. माझ्या लग्नात माझ्या मावशीनं दिलेला, त्याच्या गळ्यावर तिचं नाव कोरलेलं आहे. म्हटलं, हे पाहा, मावशी जाऊन इतके वर्षं झाले, रोज पाणी घेताना तिचं नाव दिसते. देणाऱ्याचं नाव भांड्यावर नको?

मॅडमनी गुंड हातात घेतला. नावावरून बोट फिरवलं. शिकवायच्या तेव्हा त्या अशाच थांबायच्या.

"हे नाव कोणी कोरून घेतलं, बाई? तुम्ही की तुमच्या मावशीनं?"

"मावशीनं."

"अन् समजा, उद्या तुम्ही बाजारातून नवा गुंड आणला, त्याच्यावर तुम्हीच मावशीचं नाव कोरून घेतलं, अन् गावात कोणाच्या लग्नात दिला. लोक काय म्हणतील?"

मी गुंड वापस हातात घेतला. लोक म्हणतील मावशीनं दिला. अन् तो गुंड गळका निघाला तर नाव मावशीचं जाईल. मावशीले तर माहीतही नाई.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्या पुस्तकात सासूबाईंचं जनावर होतं, माझी तुरीची चोरी होती, मॅडमची हजेरी होती. अन् वर त्या लोकांचा शिक्का, जसं काही त्यांनीच हे वाचून, पसंत करून, जत्रेत पाठवलं. मॅडमनी शेवटचं पान उघडून ती छापायची ओळ दाखवली. त्या लोकांनी सांगून ठेवलं होतं, की या ओळीपेक्षा जास्त आमचं नाव कुठी घेऊ नका. पोरीनं मले हे महिनाभर आधी सांगितलं होतं. मी तांदूळ निवडून राह्यली होती. हो हो म्हटलं होतं.

आभार मानायची आपली रीत नाव वर चढवायची. त्यांची रीत नाव जाग्यावर ठेवायची. मी आपली रीत त्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोकी अंगणात ओढली, बोथट चाकू घेतला अन् पुस्तकांच्या पिना उचकायले बसली. मॅडम म्हणाल्या, वरून खाकी कागद लावू, पोरांच्या शाळेच्या पुस्तकाले लावतो तसा. आतून आवाज आला, नाई, खालचं तसंच राहते, कोणी कागद काढला की पुन्हा तेच. म्हणजे पोरगी ऐकून राह्यली होती. मी म्हटलं, बरोबर आहे, फाडूनच काढू. मॅडमले मी डोळ्यानं खुणावलं अन् आम्ही मोठ्या मोठ्यानं बोलायले लागलो.

छापखान्याच्या भाऊले फोन केला. चूक माझी, त्यांनी तर सांगितलं तेच छापलं होतं. पण तो माणूस मले एकही वाकडा शब्द बोलला नाई. पत्रिकांचा जाड कागद कापून उरलेला होता, त्याचा गठ्ठा दुपारच्या बसमध्ये टाकून दिला. पुन्हा छापायले वेळ नाई, म्हणाले, हातानं काढा आजी, तुमच्या गटात बाया आहेत नं.

बाया आल्या. त्याच, पहिल्या आठवड्यात पाहायले आलेल्या. पळसाचा बहर होता. फुलं उकळून भगवं पाणी केलं. एकीनं भेंडी आडवी कापून आणली, तिचे ठसे उठवायले. फुलासारखे उठतात, पोरी शाळेत करतात तसे. ठसे छान उठले. पण कव्हरवर मधात ते जनावर काढायचं होतं, अन् तिथी साऱ्या अडल्या. एकीनं काढलं ते म्हशीसारखं झालं. दुसरी म्हणाली, याले शिंगं काऊन दिली, हे तर पानांचं आहे. तिसरी म्हणाली, पानांचं असलं म्हणून काय झालं, डोकं नको काय त्याले? पहिली म्हणाली, तुले डोकं कुठी आहे, तरी फिरून राह्यली नं.

सारं अंगण हसलं. अन् तेवढ्यात वॉकरची टकटक ऐकू आली. मी मान वर केली नाई. चाकूनं पीन उचकत राह्यली. टकटक दारापर्यंत आली. थांबली. मंग एक पाऊल. दुसरं. तिसरं. चौथं.

"त्याले डोकं नाई, काकू," ती म्हणाली. "इकडे द्या ब्रश."

एकीनं फक्त खाटेवरचे कागद सरकवले, तिले बसायले जागा केली. कसं झालं, कुठी झालं, कोणी विचारलं नाई. त्या बायांचे उपकार मी जन्मात विसरणार नाई. चार दिवस ती अंगणात बसली. पानांचा ढीग काढायची, वर रानडाव लिहायची. प्रत्येक कव्हर वेगळं. अन् प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान उघडून ती ओळ नीट छापली आहे की नाई ते पाहायची, मंगच पीन मारू द्यायची. एका बाईनं विचारलं, काय लिहिलं आहे त्यात? तिनं मराठीत करून सांगितलं. बाई म्हणाली, बस, एवढंच? त्यांनी इतकं दिलं अन् एवढीशी ओळ? भाची म्हणाली, त्यांनी एवढीच मागितली, काकू. मी ऐकलं अन् मले पुन्हा मावशीचा गुंड आठवला. नाव तेवढंच, गळ्यावर, बारीक. बाकी सारं पाणी आमचं.

त्याच पानावर, त्या ओळीच्या खाली, मॅडमनी अन् तिनं आमच्या तर्फे दोन ओळी टाकायच्या ठरवल्या. छापायले वेळ नव्हता, म्हणून रबरी शिक्का करून मारल्या. यातल्या गोष्टी अन् जनावरं आम्हीही मोकळी सोडली आहेत, घ्या, बदला, कुठून घेतलं तेवढं आत सांगा, नाव मात्र तुमचं ठेवा. हेच ते मागचं पान, जे तू वाचलं नाई.

आता उरली ती फाडलेली कव्हरं. ढीग होता. पोरगी म्हणाली, ही भेळवाल्यालेही द्यायची नाई. एकीनं म्हटलं, चुलीत घाला. पण माझा हात होईना. ज्यांनी एवढं दिलं त्यांचं नाव जाळायचं कसं? मंग आपल्या आया-सासवा करायच्या तेच केलं. कागद दोन दिवस पाण्यात भिजवले, मेथी वाटून टाकली, उखळात कांडले, अन् पालथ्या गंज-पातेल्यावर थापून टोपली केली. वाळल्यावर पळसाचं पाणी दिलं. सारी नावं तिच्यात आहेत, पण वाचता एकही येत नाई. आमचे फासे आता त्याच टोपलीत राहतात. जवळून पाहिलं तर एका जागी सोनेरी चमक दिसते. ते भाचीले दाखवलं तर म्हणे, तेवढं राहू दे.

जत्रेचं तर तुले माहीतच आहे. गटाच्या पापडांच्या अन् मोहाच्या लाडवांच्या मधात पुस्तकं मांडली होती, अन् ती मागे खुर्चीत, वॉकर गाळ्याच्या पडद्याआड लपवलेला. सकाळभर खाली मान घालून बसली. मंग तू आली. तू दोन पुस्तकं हातात घेतली, ही वेगळी काऊन, म्हणून विचारलं. तिनं सांगितलं, सारी हातानं केली. तू म्हटलं, अक्षर कोणाचं? ती म्हणाली, माझं. मंग तुम्ही दोघी बोलतच राह्यल्या. तू तिले म्हटलं, देवळातल्या दगडाच्या मूर्ती पाहिल्या काय, खेळात घेण्यासारखी किती जनावरं आहेत. ती म्हणाली, मले चालता येत नाई फार. अन् तू, जसं काही कोणी पाणी मागितलं आहे, असा खांदा पुढे केला. एवढंच. पायाकडे पाहिलं नाई, वॉकर शोधला नाई.

मी गाळ्यावरून पाहत होती. तुम्ही गर्दीत गेल्या, पायऱ्यांपर्यंत. मले मधातून नुसता तिचा हिरवा दुपट्टा दिसत होता. लाडू घ्यायले आलेल्या एका माणसानं तीनदा भाव विचारला म्हणे, मले ऐकूच आलं नाई.

तुझं नाव मी त्या दिवशी विचारलं नव्हतं. नंतर भाचीनं सांगितलं. तेही मी कुठी लिहिणार नाई, तुले विचारल्याशिवाय. शिकली आता.

तर बाई, तुझ्या कव्हरवरचे ते आजींचे आशीर्वाद काढून टाक. आशीर्वाद तुले आहेत, पोटभर आहेत, पण ते पुस्तकाच्या वर नको. त्या डोहाले, त्या नावाड्याले मी ओळखत नाई. तो तुझा आहे, त्याच्या चांगल्या-वाईटाची धनीण तू. अन् रानडाव हे आमच्या अंगणातलं नाव आहे, तुझ्या नदीकाठी त्याचं काय काम? तुझ्या खेळाले तुझं नाव शोध. आत एक बारीक ओळ टाक, कुठून घेतलं ती. अन् त्या परदेशी लोकांची ओळ विसरू नको, त्यांचं पाणी आमच्याकडून तुझ्याकडे आलं आहे.

एकटी फाडत बसू नको पण. एकटीनं फाडलं की वाईट वाटते, मले माहीत आहे. सारी पुस्तकं पोत्यात भर अन् इकडे ये. भाची आता नुसत्या काठीवर चालते. तुले घ्यायले बसथांब्यावर तीच येणार म्हणून बसली आहे, मले येऊ देत नाई. मॅडमनी पत्रिकांचा उरलेला कागद जपून ठेवला आहे, बायांले मी सांगून ठेवलं आहे, भेंडी कोणाच्या वाडीतून आणायची तेही ठरलं आहे. नावाडी तेवढा तूच काढ, आमच्या बाया त्याले शिंगं देतील. पळसाची फुलं झडायच्या आत ये. या आठवड्यात जमते काय, पाहून घे.